मेस्त्रीचं नाक

आमच्या रांगेत सगळी दुकानं गाड्यांचीच. टोकाला टायरवाला, मग बॅटरीवाला, मग माझं सीट कव्हरचं दुकान आणि माझ्या शेजारी मेस्त्रीचं गॅरेज. मधली भिंत पत्र्याची. पलीकडे मेस्त्रीच्या हातून पाना पडला की इकडे माझ्या मशीनवरची शिवण वाकडी व्हायची. मी शिवी हासडली की पलीकडून तो हसायचा. आमचं अर्धं आयुष्य असं पत्र्याच्या दोन बाजूंना गेलं.

तोंडावर त्याला सगळे मेस्त्री म्हणायचे, पाठीमागे नाकोबा. नाक दिसायला चारचौघांसारखंच होतं, पण ते जे काम करायचं ते चारचौघांच्या नाकाला जमण्यातलं नव्हतं. गाडी आत आली की बॉनेट उघडण्याआधी मेस्त्री तिच्याभोवती एक चक्कर मारायचा. हात मागे बांधून, नवीन घर बघायला आलेल्या पाहुण्यासारखा. मग म्हणायचा, "क्लच जळतोय." किंवा, "रेडिएटरचं पाणी गळतंय कुठेतरी, गोडसर वास आहे." मग बॉनेट उघडायचं ते खात्री करून घ्यायला.

एकदा एक गृहस्थ आले. एसी लावला की घाण वास येतो म्हणून दोन गॅरेजांतून एसी खोलून, धुऊन, पुन्हा बसवून झाला होता. मेस्त्रीने दार उघडलं, मान आत घातली आणि म्हणाला, "साहेब, एसी राहू द्या. सीटखाली हात घाला." सीटखालून जेवणाचा डबा निघाला. आतली भाजी कसली होती हे भाजीलाही सांगता आलं नसतं. गृहस्थ आधी ओशाळले, मग आमच्यापेक्षा जास्त हसले आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसू नये म्हणतात. या माणसाचं पोटच त्यावर चालायचं.

बाकी माणूस नाकासमोर चालणारा. सकाळी गॅरेज, संध्याकाळी घर. हाताखाली कुणी ठेवला नाही. "शिकवायला तोंड लागतं, माझ्याकडे फक्त नाक आहे," म्हणायचा. एक मुलगी, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. आणि वहिनी. वहिनी दुपारी डबा घेऊन यायची, गॅरेजच्या दारातूनच तो त्याच्या हातात द्यायची आणि माघारी फिरायची. आत पाऊल टाकायची नाही. ग्रीस चपलेला लागतं आणि चपलेचं घरभर होतं, एवढंच तिचं म्हणणं. मी विचारायचो, "वहिनी, चहा घेता का?" ती म्हणायची, "भाऊजी, तुमच्या चहालासुद्धा ऑइलचा वास येतो." खोटं नव्हतं ते.

त्या वर्षी सिस्टरची गाडी आली.

सिस्टर म्हणजे मोठ्या दवाखान्यातली नर्स. तिची छोटी पांढरी गाडी बरीच वर्षं मेस्त्रीकडेच होती. ती म्हणाली, "मेस्त्री, पेट्रोल भरलं की गाडीत पेट्रोलचा वास येतो. दोन-तीन दिवस राहतो, मग जातो आपोआप. पुन्हा भरलं की पुन्हा सुरू. मुलगी मागे बसते ना, तिचं डोकं दुखायला लागतं. परवा शाळेच्या दारात उलटी केली तिने."

मेस्त्री गाडीत बसला. दारं लावून घेतली, काचा वर केल्या आणि डोळे मिटले. ही त्याची नेहमीची पद्धत. बाहेर आला तो मान हलवत.

"काही नाही, सिस्टर. पंपावर भरताना बाहेर सांडत असेल. झाकण नीट फिरवून लावत जा."

सिस्टर गेली. मी काही फार लक्ष दिलं नाही. मेस्त्रीने नाही म्हटलं म्हणजे नाही, असं आमच्या रांगेत सगळेच धरून चालायचे.

पुढच्या वेळी ती पंपावरून थेट गॅरेजमध्येच आली. गाडीतून उतरली तीच तोंडाला ओढणी लावून. "मेस्त्री, आता बघा. आत्ता आहे वास."

मी माझ्या दारात गरम हवेची गन घेऊन एका सीटचं कापड ताणत बसलो होतो. सिस्टरने मागचं दार उघडलं आणि पेट्रोलचा भपकारा माझ्यापर्यंत आला. मी आधी गन बंद केली आणि वायर काढली. मेस्त्री गाडीत मान घालून उभा होता. श्वास घेत होता, सोडत होता, पुन्हा घेत होता. कोपऱ्यात हरवलेली वस्तू शोधावी तसा.

"येतोय ना?" सिस्टरने विचारलं.

"येतो की," मेस्त्री म्हणाला. "ठेवून जा गाडी."

त्याचा चेहरा मला दिसत होता. वीस वर्षांत मी त्याला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं, म्हणून ते लगेच कळलं.

सिस्टर रिक्षाने गेल्यावर तो माझ्या दुकानात आला. सीटला कापड चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा उचलला, झाकण उघडलं आणि नाकाजवळ नेला. हे सोल्यूशन असं असतं की नवीन माणूस डबा उघडला की दोन पावलं मागे सरतो, डोळ्यांत पाणी येतं. मेस्त्री तसाच उभा राहिला.

"गादीवाल्या," तो म्हणाला, मला तो नेहमी असंच चिडवायचा, "हे जुनं आहे का रे?"

"आज सकाळी फोडलंय."

त्याने झाकण लावलं. ते नीट बसलं की नाही हे दोनदा दाबून पाहिलं. मग माझ्या स्टुलावर बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. जाणारं काही सांगून जातं का? मला वाटलं, हल्ली गाड्याच कमी वासाच्या येतात." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "मागच्या वेळी मी त्या बाईला नाही म्हणून सांगितलं. पोरगी मागे बसत होती तिची. कुणी काडी ओढली असती तर?"

"ओढली नाही ना?"

"मी सांगितलं म्हणून ती निर्धास्त फिरत होती, गादीवाल्या."

 तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आली आणि दारातच थांबली. "अहो, पेट्रोल कुणाचं सांडलंय? रस्त्यापर्यंत येतोय वास."

मेस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग त्याने तिला सांगितलं, चार शब्दांत. "मला वास येत नाही."

वहिनीने डबा दारातच खाली ठेवला. मला वाटलं ती घाबरेल, रडेल. ती म्हणाली, "तरीच! परवा दूध करपून पातेलं काळं झालं तरी तुम्ही तिथेच पेपर वाचत बसला होता. आणि मागे एकदा करपलेली भाजीसुद्धा निमूट खाल्लीत. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी का होईना, माणूस सुधारला." बोलता बोलता तिचा आवाज जरा बदलला. "मला सांगायचं नाही होय?"

"मलाच आज कळलं."

ती उभी राहिली, पांढऱ्या गाडीकडे बघत. मग पदर खोचला आणि पहिल्यांदाच गॅरेजच्या आत गेली. "सांगा, काय हुंगायचंय? माझं नाक धड आहे."

मेस्त्री नको म्हणाला, मग हो म्हणाला. दुसरा इलाज नव्हता.

आधी त्याने बॅटरीची तार काढून ठेवली. आम्हाला दोघांना फोन बंद करायला लावले आणि आग विझवायचं नळकांडं दारात आणून ठेवलं. मग आमच्यापेक्षा स्वतःलाच सांगितल्यासारखं बोलत बसला. टाकी भरली की वास येतो, निम्मी झाली की जातो. खालून गळत असती तर फरशीवर थेंब दिसले असते, आणि टाकी रिकामी होईपर्यंत वास राहिला असता. तेव्हा जे काही आहे ते वरच्या अंगाला. एक तर मागच्या सीटखाली, टाकीच्या तोंडावर पेट्रोलचा पंप बसवलेला असतो त्याची रबरी रिंग. नाही तर झाकणाचं रबर. नाही तर पेट्रोल ओततो तिथून टाकीपर्यंत जाणारा जाड रबरी पाइप.

"मग तिन्ही उघडा की," मी म्हणालो.

"उघडू. पण आधी कुठे ते कळू दे. आजवर कधी गाडी उगाच खोलली नाही मी."

मागची सीट मी काढली, ते माझं काम. खाली गोल झाकण होतं, मेस्त्रीने त्याचे स्क्रू काढले. वहिनी वाकली.

"आहे वास," ती म्हणाली.

"कितपत?"

"आहे म्हणजे आहे."

"अगं, दारापेक्षा कमी की जास्त?"

"अहो, वासाला काय तराजू असतो? रॉकेलसारखा आहे, पण जरा पातळ."

"पातळ वास म्हणजे काय?"

"म्हणजे पातळ! आमटी पातळ होते तशी!"

दोघं भांडायला लागली. मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी वाईटही वाटत होतं. जन्मभर जे त्याला न सांगता कळत होतं, ते आता दुसऱ्याच्या शब्दांतून यायचं होतं, आणि शब्द पुरत नव्हते. शेवटी वहिनीनेच तोड काढली. तिने त्याचा दंड धरला. "थोडा असेल तर थोडं दाबीन. जास्त असेल तर जास्त. तोंडाने विचारू नका."

आणि तशी ती दोघं गाडीभोवती फिरली. पुढे ती, वाकून हुंगत, मागे तो, दंड तिच्या मुठीत देऊन. पंपाच्या रिंगेपाशी तिची बोटं नुसती टेकलेली होती. झाकणापाशीही तेवढीच. डिकीत काहीच नाही. मग डाव्या मागच्या चाकाशी आल्यावर मेस्त्री थांबला, कारण त्याचा दंड आवळला गेला होता. त्याने जॅक लावला, चाक काढलं, चाकामागचं प्लॅस्टिकचं अस्तर सोडवलं. वहिनी आत वाकली आणि तिची नखं त्याच्या कातडीत रुतली.

"बास," मेस्त्री म्हणाला. "कळलं."

टॉर्च मारल्यावर दिसलं. टाकीत उतरणाऱ्या रबरी पाइपाला वरच्या टोकाशी, पट्टी आवळली होती त्याच्या बरोबर खाली, बारीक भेगा होत्या, टाचेला पडतात तशा. भोवतीची धूळ ओलसर होऊन चिकटली होती. टाकी गच्च भरली की पेट्रोल पाइपात वरपर्यंत उभं राहायचं आणि त्या भेगांतून झिरपायचं. पातळी उतरली की झिरपणं थांबायचं. आणि त्याच पोकळीत वर, पत्र्याच्या एका भोकाचं रबरी बूच निसटलेलं होतं. वाफेला आत शिरायला तेवढी वाट पुरेशी होती, नेमकी मुलगी बसते त्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी सामान आलं. मेस्त्रीने आधी टाकीतलं पेट्रोल निम्म्यावर आणलं, ते बंद कॅनमध्ये भरून लांब ठेवलं, मग जुना पाइप काढला. नवा पाइप पेट्रोलसाठीच बनवलेला होता. पाण्याच्या साध्या पाइपाला पेट्रोल खाऊन टाकतं, असं त्याने मला सांगितलं. दोन्ही टोकांना नव्या पट्ट्या, झाकणाला नवं रबर, भोकाला नवं बूच. मागची सीट मी नवं कापड चढवून परत बसवली. काम करताना एक पट्टी त्याच्या हातातून निसटून खाली पडली. उचलली, पुन्हा पडली. मी म्हणालो, "काय मेस्त्री, हातालाही सर्दी झाली का?" आता तो विनोद आठवला की नको वाटतं.

मग पंपावर जाऊन टाकी भरून आणली, गाडी उन्हात उभी केली आणि सगळ्या काचा बंद करून ठेवल्या. दुपार कलल्यावर वहिनी आत जाऊन बसली. मेस्त्री बाहेर, काचेला हात टेकून.

तिने दार उघडलं. "नाही."

"नक्की?"

"भाऊजींच्या नव्या कापडाचा येतोय. पेट्रोलचा नाही."

"चाकापाशी?"

"तिथेही बघितलं. नाही हो."

तो तसाच उभा होता. पुन्हा एकदा विचारावं असं त्याच्या तोंडाशी आलं होतं, ते त्याने गिळलं. मग खिशातून किल्ली काढली आणि खिळ्याला लावली. काम झालेल्या गाड्यांच्या किल्ल्या तिथे असायच्या. दुसऱ्याच्या शब्दावर गाडी सोडण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

सिस्टर गाडी न्यायला आली तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. पाइप दाखवला, भेगा दाखवल्या. "आणि पंपावर बंदूक टक् करून थांबली की बास म्हणायचं. वरून ओतायला लावायचं नाही, टाकीला श्वास घ्यायला जागा लागते." मग म्हणाला, "मागच्या वेळी मी नाही म्हणालो ते चुकलं. मला वासच येत नाही, सिस्टर. हे सगळं हिने शोधलं."

सिस्टर रागावेल असं वाटलं होतं. ती मेस्त्रीकडे बघत होती, पण वेगळंच काही बघत होती. "किती दिवस झाले?" तिने विचारलं. मग वहिनीकडे वळून, "झोपेत हातपाय झाडतात का हे? ओरडतात?"

"लाथा मारतात," वहिनी म्हणाली. "मी हल्ली खाली सतरंजी टाकून झोपते. तुम्हाला कसं कळलं?"

 सिस्टर मेस्त्रीला म्हणाली, "जरा रस्त्यापर्यंत चालून या." तो गेला आणि आला. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं. डावा हात चालताना हलत होता, उजवा अंगाला चिकटून राहिला होता. रोज बघत होतो त्याला, तरी दिसलं नव्हतं.

"एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या," सिस्टर म्हणाली. "घाबरण्यासारखं नाही. पण दाखवा. मी वेळ घेऊन देते."

"नाकाचा बिघाड आणि मेंदूचा मेकॅनिक?" मेस्त्री हसला. सिस्टर हसली नाही. वहिनीनेही ते पाहिलं.

कंपवात निघाला. वास जाणं ही त्याची सुरुवात असते, कधी कधी कितीतरी वर्षं आधीची, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या दिल्या. बरं होणार नाही, पण आजार धीम्या गतीने वाढेल, असंही सांगितलं. दवाखान्यातून मेस्त्री घरी गेला नाही, थेट गॅरेजमध्ये आला आणि एका जुन्या गाडीचं इंजिन उघडून बसला.  पत्र्यापलीकडून मला संध्याकाळपर्यंत पान्याचा आवाज येत राहिला. त्या दिवशी मी मशीन चालवलं नाही.

त्यानंतर वहिनी रोज यायला लागली. डबा आता दोघांचा. जुना सदरा साडीवर चढवून ती आत फिरायची. "क्लच," म्हणायची. किंवा, "हे ऑइल जळतंय, आणि थोडं रबरही." वर्षभरात तिचं नाक असं तयार झालं की लोक म्हणायला लागले, नाकोबा रिटायर, आता नाकूताई. तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणू देत. निदान नाकाने कांदे सोलत नाही मी." बारीक स्क्रू धरायचं कामही हळूहळू तिच्याकडे आलं, कारण त्याची बोटं ऐकेनाशी झाली होती. तो सांगायचा, ती करायची. ती चुकली की तो चिडायचा, आणि चिडला की हात जास्त थरथरायचा, मग तीच गप्प बसायची. जेवताना दोघं एका बाकावर, जुन्या टायरवर पाय ठेवून बसायची. मला एकदा तिने सांगितलं, "भाऊजी, संसारात आम्ही एवढा वेळ कधी एकत्र घालवला नव्हता. बघा, कशाने मिळाला."

गॅरेज कसं बंद झालं ते सांगतो.

एका गाडीचं ब्रेकचं काम होतं. मेस्त्रीने स्वतः केलं. कुणाला हात लावू दिला नाही, वेळ लागला तरी. मालक गाडी घेऊन गेला, आणि थोड्या वेळाने मेस्त्री माझ्या दारात उभा. चेहरा पांढराफटक.

"गादीवाल्या, मी शेवटचा नट आवळला का?"

"मला काय माहीत?"

"मला आठवत नाही. हाताला आठवायला हवं होतं, पण हाताला काही कळतच नाही रे आता."

मालकाला फोन लावला. तो निम्म्या वाटेवर होता. आहे तिथेच थांबा म्हटलं, आणि माझ्या स्कूटरवर मेस्त्रीला मागे बसवून नेलं. रस्त्याच्या कडेला त्याने गाडीखाली अंग घातलं. मी त्याचे नुसते पाय बघत होतो. बाहेर आला.

"आवळलाय," म्हणाला. "घट्ट आहे."

मालक म्हणाला, "मग झालं तर, मेस्त्री! कशाला एवढं मनाला लावून घेता?"

मेस्त्री हात पुसत राहिला. परतताना वाटेत मला म्हणाला, "आजपासून बास."

"अरे, नट घट्ट होता की."

"होता. पण मला माहीत नव्हतं. उद्या सैल असेल, आणि तेव्हाही मला माहीत नसेल."

मी खूप समजावलं. वहिनीने नाही समजावलं. तिने दुसऱ्या दिवशी हत्यारं केरोसीनने पुसली, कापडात गुंडाळली आणि बॅटरीवाल्याला सांगितलं, कुणी चांगला मेकॅनिक भेटला तर ही द्यायची आहेत. ती पुसत असताना मेस्त्री तिथेच बसला होता. एकेक पाना ती त्याच्या हातात द्यायची, तो थरथरत धरायचा, बघायचा आणि परत द्यायचा. मी माझं शटर अर्धं ओढून घेतलं. काही गोष्टी शेजाऱ्याने बघायच्या नसतात.

मग फिरणं आलं. दवाखान्यात जायचं, व्यायामाला जायचं. मेस्त्रीची स्वतःची जुनी गाडी दारात होती, आणि चालवायला कुणी नाही. वहिनीने साठीला टेकताना गाडी शिकायला घेतली. शिकवायला तोच, शेजारच्या सीटवर. शिकवायला तोंड लागतं म्हणणारा माणूस बडबड बडबड करायचा. "अगं, क्लच म्हणजे काय पायपुसणं आहे?" मोकळ्या मैदानात ती गाडी बेडकासारखी उड्या मारत जाताना आम्ही सगळ्यांनी पाहिली. तिला लायसन्स मिळालं त्या दिवशी मेस्त्रीने रांगेतल्या सगळ्यांना पेढे नाही, चहा पाजला, आणि म्हणाला, "माझ्या हातून एवढी एकच गाडी नीट दुरुस्त झाली नाही. ती म्हणजे ही." वहिनीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

नंतरची वर्षं हळूहळू उतरत गेली. आधी पावलं लहान झाली, मग आवाज. तो काय बोलतो ते कान तोंडाशी नेल्याशिवाय कळेनासं झालं. मग चेहरा थिजला. हसतोय की नाही ते डोळ्यांवरून ओळखायचं. घरात त्याला झोप लागायची नाही, गाडीत लागायची. म्हणून वहिनी रोज दुपारी त्याला शेजारी बसवून, पट्टा लावून, गावाबाहेरच्या रस्त्याने फिरवून आणायची. गाडी थांबली की तो जागा व्हायचा. म्हणून ती थांबायची नाही. सिग्नल लागू नये म्हणून लांबचा रस्ता घ्यायची. कधी कधी आमच्या रांगेसमोरून जायची, सावकाश, दुसऱ्या गिअरमध्ये, आणि मला नुसता एक हात दाखवायची. त्याची मान तिच्या बाजूला कललेली असायची.

त्याला गिळायला त्रास व्हायला लागला, मग छातीत कफ झाला. सिस्टर तेव्हा त्याच दवाखान्यात होती. तिने तिच्या परीने सगळं केलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने काहीतरी म्हटलं. मी कान नेला. "गादी," एवढंच कळलं. मला हाक मारत होता की पाठीखालची गादी टोचतेय म्हणत होता, ते मला आजही सांगता येत नाही. मी उशी सरकवून दिली आणि त्याचा हात धरला. दोन दिवसांनी सकाळी तो गेला. वहिनी जवळ होती.

गॅरेजच्या जागी आता काचा बसवणारा आहे. चांगला मुलगा आहे, पण फार शांत काम करतो. पत्र्यापलीकडून काही पडत नाही. माझी शिवण हल्ली सरळ जाते.

मुलगी वडिलांच्या आजारपणात येऊन राहिली होती, ती सगळं आवरल्यावर परत जायला निघाली. वहिनी म्हणाली, "रिक्षा कशाला? मी सोडते स्टँडवर." मी सामान ठेवायला गेलो होतो. वहिनी ड्रायव्हरच्या जागेवर बसली, किल्ली फिरवली. मुलीने पुढचं दार धरलं, क्षणभर तशीच उभी राहिली, मग ते हळूच लावलं आणि मागे जाऊन बसली. मलाही तेच बरोबर वाटलं. ती सीट रिकामी राहायला हवी होती.

वहिनीने आरशातून तिच्याकडे पाहिलं. गाडी चालू होती, पण ती हलवेना. मग म्हणाली, "पुढे ये गं. मी काय तुझी ड्रायव्हर आहे का?"

मुलगी उतरली आणि पुढे येऊन बसली. वडिलांच्या मापाचा पट्टा तिच्यासाठी फार सैल होता. वहिनीने वाकून तो ओढून बसवून दिला, आणि दोघी निघाल्या.